शांततेचा बाजार आणि सतारीचा भोपळा

नाशिकच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरांवर असलेल्या दिंडोरी या तालुक्याच्या गावाचे नाव महानगरांतील श्रीमंत वस्त्यांत घेतले जाते, ते तेथील शेतकऱ्यामुळे नव्हे, एका बाटलीमुळे. ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ हे त्या बाटलीतील मद्याचे नाव. त्यातील दिंडोरी खरी आहे, शिराझ मात्र नावापुरतेच. इराणमधील शिराझ हे हाफिज आणि सादी यांचे गाव. सूफी काव्याची ती राजधानीच. या द्राक्षाचे मूळ त्या गावात आहे, अशी आख्यायिका मद्यव्यापारात पुष्कळ वर्षे फिरत होती. १९९८ साली शास्त्रज्ञांनी वेलाचे जनुक तपासून दाखविले की, हे वाण आग्नेय फ्रान्समधील दोन स्थानिक द्राक्षांच्या संकरातून निपजले आहे आणि शिराझशी त्याचे काहीही नाते नाही. आख्यायिका गेली, नाव राहिले. कारण नावाला किंमत येते.

नावाला किंमत यावी आणि नावामागची माणसे मात्र दाराबाहेर राहावीत, हा व्यवहार मद्यापुरता मर्यादित नाही. संगीताच्या बाजारात अलीकडे असाच एक माल मोठ्या प्रमाणावर खपू लागला आहे. सतारीचे चार-सहा स्वर, त्यांच्यामागे यंत्राने लांबविलेली आस, मध्येच बासरीची फुंकर, कोठेतरी ‘अल्लाहू’चा अस्पष्ट उच्चार. ताल नाही, बंदिश नाही, सुरुवात नाही आणि शेवटही नाही. वर नाव ‘सूफी ध्यान’ किंवा ‘सूफी शांती’ असे काहीतरी. चित्रात पांढऱ्या झग्यात गिरकी घेणारा एक दरवेशी. पाश्चात्त्य संगीतव्यवसायात या जातीला ‘ॲम्बियंट’ म्हणतात. लक्ष देऊन ऐकावयाचे नाही, भोवती असू द्यावयाचे, असे हे संगीत. ते मोठ्या हॉटेलांच्या दिवाणखान्यात वाजते, मालिशगृहात वाजते, योगवर्गात वाजते आणि रात्रपाळी संपवून खोलीवर आलेल्या कामगाराच्या मोबाइलवरही वाजते.

चळवळीतील मंडळींकडून अशा गोष्टींची दखल सहसा दोन प्रकारे घेतली जाते. एक वर्ग ‘अफूची गोळी’ म्हणून विषय संपवितो. या वर्गाने मार्क्सचे ते प्रसिद्ध विधान त्याच्या आधीच्या ओळींसह पुन्हा एकदा वाचून पाहावे. पीडिताच्या उसाशाची दखल तेथे किती सहानुभूतीने घेतली आहे ते त्यांच्या ध्यानात येईल. दुसरा वर्ग शास्त्रीय संगीताच्या शुद्धतेचा कैवार घेतो आणि रागाची विटंबना झाली म्हणून हळहळतो. या दोघांच्याही बोलण्यात तो रात्रपाळीचा कामगार कोठे नसतो. दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागांचा हंगाम सुरू झाला की पेठ-सुरगाण्याकडून आदिवासी मजुरांच्या टोळ्या छाटणीला, विरळणीला, डिपिंगला येतात. मान वर करून, हात उंचावून दिवसभर मांडवाखाली उभे राहावे लागते. तालुक्यातील कारखान्यांत कंत्राटी कामगारांच्या पाळ्या चालतात. अशा देहाला रात्री अर्धा तास निवांतपणा हवासा वाटला तर त्यात चूक काय? शांततेची भूक खोटी नाही. पाहावयाचे आहे ते त्या भुकेला काय वाढले जाते आणि वाढणाराच्या पदरात काय पडते, हे.

या प्रकारच्या संगीताचा कारखान्याशी असलेला संबंध जुना आहे. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने १९१७ साली ‘फर्निचर-संगीत’ ही कल्पना काढली तेव्हा तो बराचसा विनोद होता. अमेरिकेत १९३४ साली स्थापन झालेल्या ‘म्युझॅक’ कंपनीने त्या विनोदाचा धंदा केला. कामगाराचा उत्साह ज्या वेळी ओसरतो, त्या वेळी संगीताची गती थोडीथोडी वाढवीत न्यावयाची, पंधरा मिनिटांचा एक हप्ता वाजवावयाचा, मग काही वेळ शांतता ठेवावयाची. यामुळे उत्पादन वाढते, असा दावा करून या कंपनीने कारखान्यांना आणि कचेऱ्यांना तारेवरून संगीत विकले. १९४० साली ब्रिटनमध्ये बी.बी.सी.ने युद्धसाहित्य बनविणाऱ्या कामगारांसाठी रोज दोन वेळा ‘काम करताना संगीत’ असा कार्यक्रम सुरू केला. त्यात देशसंरक्षणाची भावना होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु संगीताने कामगाराच्या हाताचा वेग वाढवावा, ही कल्पना तेथेही तीच. १९७८ साली ब्रायन ईनो याने विमानतळासाठी म्हणून एक तबकडी काढली आणि ‘ॲम्बियंट’ हे नाव रूढ केले. तो प्रामाणिक कलावंत आहे. म्युझॅकच्या गुळचटपणाला उत्तर म्हणूनच त्याने ते संगीत रचले. पण बाजाराने त्याच्याकडून उचलले ते एवढेच, की ज्याकडे लक्ष द्यावे लागत नाही असे संगीत तासन्‌तास विकता येते. दिवसा हात वेगाने चालावेत म्हणून आणि रात्री त्याच हातांचा ठणका विसरला जावा म्हणून, अशा दोन्ही वेळा आता हे संगीत उपयोगी पडते. थकवा ज्या कामाने येतो ते काम मात्र जसेच्या तसे राहते.

आता त्यातील ‘सूफी’ या शब्दाकडे वळावे. हा शब्द लावताच मालाला जी कोवळीक येते, ती ‘मुसलमान’ या शब्दाने येत नाही, असा बाजाराचा हिशोब दिसतो. सूफी म्हणजे मशिदीशिवायचा, मोहल्ल्याशिवायचा, दाढीटोपीशिवायचा, कोणालाही न दुखविणारा इस्लाम. असा सूफी इतिहासात सापडणे कठीण आहे. त्यासाठी इराणला जाण्याचीही गरज नाही. शिराझहून आलेला एक खराखुरा सूफी वेरूळजवळच्या खुलताबादेत विसावला आहे. चौदाव्या शतकातील हे झैनुद्दीन शिराझी. बहामनी सुलतान महंमदशहा पहिला हा मद्यपान करतो, म्हणून त्याच्याशी निष्ठेची शपथ घेण्यास त्यांनी नकार दिला. सुलतानाने हद्दपारीचा हुकूम काढताच ते आपल्या गुरूच्या कबरीपाशी जाऊन ठाण मांडून बसले आणि अखेर सुलतानालाच नमते घेऊन मद्याची दुकाने बंद करावी लागली, अशी हकीकत फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. शिराझच्या नावाने खपणाऱ्या मद्याच्या तालुक्यात ही हकीकत एकदा सांगावयास हरकत नाही! मद्यबंदीचा मुद्दा येथे गौण आहे. राजसत्तेच्या समोर एका फकिराने बसून राहणे, हा येथला सूफी मौनाचा अर्थ होता.

ते गुरू म्हणजे बुऱ्हाणुद्दीन गरीब. महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस हलविली त्या लोंढ्यात ते दिल्लीहून दक्षिणेत आले आणि १३३७ साली वारले. दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांचे ते शिष्य. सुलतानांच्या दरबाराची पायरी न चढण्याबद्दल ज्यांची ख्याती होती तेच निजामुद्दीन. बुऱ्हाणुद्दीन ‘समा’चे, म्हणजे संगीतश्रवणाच्या बैठकीचे, मोठे भोक्ते होते. समा ही एकट्याने पडून ऐकण्याची गोष्ट नव्हती. तिला ऐकणाऱ्यांचा मेळा लागे, गाणारे लागत, आणि एखाद्याला भावावेश आला तर त्याला सावरणारे शेजारी लागत. खानकाह्यात भटारखाना असे आणि येणाऱ्याला जात न विचारता वाढले जाई. पुढे विजापूरच्या सूफींच्या परंपरेत ‘चक्कीनामा’ आणि ‘चरखानामा’ हे दखनी काव्यप्रकार निर्माण झाले. दळताना आणि सूत कातताना बायकांनी ते गावेत, अशी त्यांची रचना. मराठी बाईच्या जात्यावरील ओवीची ही सख्खी बहीणच म्हणावयाची. सूफी वाणी दक्षिणेतल्या सामान्य घरांत शिरली ती बव्हंशी जात्यावर बसणाऱ्या आणि चरखा फिरविणाऱ्या बायकांच्या गळ्यातून. तिचे आजचे जे विक्रेय रूप आहे, त्यात श्रम तर नाहीतच. श्रमणाऱ्यांची भाषाही नाही.

आणि हे सारे ज्या खुलताबादेत घडले तेथे आज काय आहे? झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारातच औरंगजेबाची साधी कबर आहे. त्या कबरीवरून २०२५ च्या मार्च महिन्यात नागपुरात दंगल उसळली, माणसे जखमी झाली, संचारबंदी लागली. कबर राहावी की हलवावी यावर राज्यभर तावातावाने बोलणाऱ्या कितीजणांना ठाऊक होते की, औरंगजेबाला ज्यांच्या पायाशी दफन व्हावेसे वाटले ते झैनुद्दीन कोण? ज्या घरांत ‘सूफी शांती’ रात्रभर वाजते, त्याच घरांत सकाळी मुसलमान भाडेकरूला खोली नाकारली जाऊ शकते, यात त्या घरांना विसंगती वाटत नाही. वाटणार तरी कशी? त्या संगीतातून मुसलमान आधीच काढून टाकलेला असतो.

सूफी साधना आणि हिंदुस्थानी तंतुवाद्य यांचा मेळ पश्चिमेकडे नेणारा पहिला मोठा माणूस मराठी राजवटीच्या बडोद्यात जन्मला, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही. इनायत खाँ यांचा जन्म १८८२ चा. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढणारे मौलाबक्ष हे त्यांचे आजोबा. इनायत खाँ वीणावादक होते. १९१० साली ते भावांसह अमेरिकेस गेले. तेथे रूथ सेंट डेनिस या नर्तिकेच्या ‘पौर्वात्य’ नाचांना साथ करण्याचे काम त्यांना मिळाले. प्रेक्षकांच्या दृष्टीने त्यांचे संगीत म्हणजे पडद्यावरील हत्ती-अंबारीच्या चित्रासारखेच एक देखावा होते आणि हे त्यांना फार खुपले. १९१४ साली लंडनमध्ये त्यांनी सूफी पंथाची शाखा स्थापन केली. पुढे वीणाही बाजूला ठेवली. १९२७ साली ते दिल्लीत वारले आणि निजामुद्दीनच्या वस्तीतच त्यांची कबर आहे. संगीत आणि अध्यात्म यांवरील त्यांची व्याख्याने आजही जगभर छापली जातात. ध्यानसंगीताच्या व्यापाऱ्यांना ती फार प्रिय आहेत.

त्यांच्या कन्येचे नाव मात्र त्या व्यापारात येत नाही. नूर इनायत खाँ पॅरिसमध्ये संगीत शिकली, मुलांसाठी गोष्टी लिहू लागली. अहिंसेचा संस्कार घरचा. हिटलरच्या फौजा फ्रान्समध्ये शिरल्या तेव्हा घर सोडून कुटुंब इंग्लंडला गेले. १९४३ च्या जूनमध्ये नूर बिनतारी संदेश पाठविणारी हस्तक म्हणून नाझींनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये उतरली. या कामासाठी तेथे पाठविली गेलेली ती पहिली स्त्री. एकेक सहकारी पकडला जात असताना परत येण्याची सूचना तिने नाकारली. ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. तिने आपल्या साथीदारांची नावे सांगितली नाहीत. सूफी घराण्यातील मुलीने मौन कोठे पाळले, हे ध्यानसंगीताच्या श्रोत्यांना कोणीतरी सांगावयास हवे.

सतारीचीही कथा अशीच. अमीर खुसरोने सतार शोधली, असे शाळेच्या पुस्तकापासून तबकडीच्या वेष्टनापर्यंत सर्वत्र लिहिलेले असते. खुसरो १३२५ साली वारला. त्याच्या लेखनात या वाद्याचा पत्ता नाही. अभ्यासकांच्या मते अठराव्या शतकातील दिल्लीच्या खुसरोखान नावाच्या वादकाशी सतारीच्या घडणीचा संबंध जोडणे अधिक रास्त होय. नामसादृश्याने त्याचे श्रेय साडेचारशे वर्षांपूर्वीच्या कवीच्या नावावर जमा झाले. भ्रमाचा हा भोपळा फुटला तरी सतारीचा खरा भोपळा शिल्लक उरतोच, आणि तो महाराष्ट्रातला आहे.

दिंडोरीहून निघालेल्या माणसाला एस.टी.ने दिवसभर प्रवास करावा लागेल इतक्या अंतरावर, राज्याच्या दक्षिण टोकाला, मिरज आहे. १८५० च्या सुमारास तेथे फरीदसाहेब हे शिकलगार होते. तलवारी आणि हत्यारे यांना धार लावणे हा घरचा धंदा. इंग्रजी अमलात तलवारींना काम उरले नाही. पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी गाणारे-वाजविणारे येत, त्यांची वाद्ये बिघडत. हत्याराला धार लावणाऱ्या हातांनी ती दुरुस्त करता करता नवी घडवावयास सुरुवात केली. त्या कुटुंबाचे पुढे आडनावच ‘सतारमेकर’ झाले आणि गल्लीलाही तेच नाव पडले. या वाद्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमाकाठच्या शेतांत पिकतो. तो खाण्याचा नव्हे, कडू. वेलावर पुरता मोठा होऊ द्यावा लागतो, मग महिनोन्‌महिने वाळवावा लागतो. भीमेला पूर आला किंवा अवकाळी पावसाने वेल बसला की मिरजेत सतार अडते. पुढे लाकडाची दांडी, कोरीव काम, लाखेची झिलई, पितळी पडदे, खाली तरफांच्या तारा. सर्वांत अवघड ती जवारी. घोडीचा पृष्ठभाग कानसेने इतका नेमका घासावयाचा की, तार तिला जेमतेम चाटून जावी आणि स्वर गुंजत राहावा. ध्यानसंगीताचे श्रोते ज्या गुंजनात बुडून जातात ते या कानशीतून निघते. जवारी पुस्तकातून शिकता येत नाही. बापाशेजारी किंवा उस्तादाशेजारी बसून वर्षानुवर्षे कान तयार करावा लागतो.

या कारागिराला नव्या संगीतातून काय मिळते? एखाद्या ध्वनिमुद्रणगृहात सतारीचा एकेक स्वर एकदाच मुद्रित केला जातो, आणि मग जगातील कोणीही पेटीच्या पट्ट्यांसारखी कळ दाबून ती ‘सतार’ वाजवू शकतो. वाद्य लागत नाही, वादक लागत नाही, जवारी बिघडत नाही. १९७९ साली बंगळूरमध्ये विजेवर चालणारा तंबोरा निघाला तेव्हाच तंबोरे घडविणाऱ्यांना या दिशेची पहिली चाहूल लागली होती. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने तर कळ दाबणाराही अनावश्यक होत चालला आहे. स्पॉटिफाय या कंपनीच्या नियमानुसार गाणे तीस सेकंद वाजले तरच ते मोजले जाते, आणि २०२४ पासून वर्षभरात हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला एक पैसाही मिळत नाही. पार्श्वसंगीताच्या याद्या स्वस्तात बनवून घेतलेल्या, निनावी माणसांच्या संगीताने भरल्या जातात, हे लिझ पेली या पत्रकार महिलेने २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात तपशीलवार दाखविले आहे. श्रोता झोपी गेलेला असतो. कोण वाजवितो आहे हे तो विचारणार नाही, ही या धंद्याची खात्री. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे स्वागत केले पाहिजे. परंतु मानांकन नकलेला आळा घालते. मुले धंदा सोडून जातात त्याला ते आळा घालू शकत नाही.

आणि मिरजेत नुसती सतार नाही, सूफी दर्गाही आहे. म्हणून तर या विषयाचा खरा पत्ता मिरज हा आहे. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ चढतो तो चर्मकार समाजाचा. किराण्याहून आलेले अब्दुल करीम खाँ प्लेगच्या आजारातून याच दर्ग्यात बरे झाले, अशी श्रद्धा आहे. १९३७ साली मद्रासकडील प्रवासात रेल्वेच्या एका फलाटावर त्यांनी देह ठेवला आणि मिरजेस दर्ग्याच्या आवारात त्यांना मूठमाती मिळाली. तेव्हापासून उरुसाच्या वेळी चिंचेच्या झाडाखाली गायक-वादक हजेरी लावतात. हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे ही त्यांचीच मुले. आई ताराबाई माने मराठा. कोणत्याही प्रचारपत्रकाने जे सिद्ध होणार नाही ते या एका कुटुंबाने महाराष्ट्राच्या कानांना पटवून दिले. मात्र याच मिरजेत २००९ च्या सप्टेंबरात गणेशोत्सवातील अफजलखान-वधाच्या कमानीवरून दंगल झाली आणि तिचे लोण सांगली-इचलकरंजीपर्यंत गेले. सामाईक संगीत असले म्हणजे सामाईक जीवन आपोआप टिकते, असे समजणे भाबडेपणाचे होईल. दर्गा म्हणजे समतेचे नंदनवन, असेही कोणी मानू नये. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात २०१२ पासून स्त्रियांना मजारीपाशी जाण्यास मनाई होती. २०१६ साली उच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत स्त्रियांना लढावे लागले. पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले, त्याच जातीची ही लढाई.

मिरजेचा हा धागा नाशिकपर्यंत येतो. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकले, दरबाराची वाट सोडून त्यांनी १९०१ साली लाहोरास सर्वांसाठी गायनशाळा काढली, आणि उत्तरायुष्यात, १९२२ साली, नाशिकला रामनाम-आधार आश्रम स्थापन केला. १९३१ साली मिरजेसच ते वारले. गाणे राजाच्या दिवाणखान्यातून काढून लोकांत आणण्यात त्यांची हयात गेली. आज ते लोकांतून काढून हेडफोनच्या दोन बोंडांत कोंडले जात आहे.

दिंडोरी तालुक्यातील गावांना एकाग्र संगीत नवीन नाही. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवावयाची नसते. गावकरी पाळीपाळीने पहारा करतात. रात्री अडीच-तीन वाजता मंडप रिकामा असतो, टाळकरी पेंगुळलेले असतात, आणि एखादा शेतकरी गळ्यात वीणा अडकवून, एकाच स्वरावर तार छेडीत उभा असतो. ध्यान यापेक्षा वेगळे काय असते? पण त्याला ठाऊक असते की, चार वाजता दुसरा येणार आहे, आणि तो आला नाही तर आपल्याला वीणा खाली ठेवता येणार नाही. त्या शांततेत शेजाऱ्यावरचा विश्वास गृहीत धरलेला आहे. ही भजनी वीणादेखील मिरजेत घडते. हरिनामाच्या पहाऱ्यातील वीणेचा भोपळा मुसलमान कारागिराच्या हातून आलेला असतो, याची गावात कोणी चर्चा करीत नाही. इतकी ती साधी गोष्ट होती. आता मात्र ती मुद्दाम बोलून दाखविण्याची वेळ आली आहे. याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागांत आदिवासींच्या तारप्याला आणि पावरीलाही भोपळाच लागतो. वाजविणारा मध्ये आणि नाचणारे भोवती, अशी तेथली रीत. एकट्याने तारपा ऐकण्याची कल्पनाच तेथे कोणाला करता येणार नाही. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या किसान मोर्चाच्या मुक्कामांवर दिवसाची पायपीट संपल्यावर ही माणसे नाचली. १२ मार्च २०२३ रोजी दिंडोरीहून निघालेला मोर्चा वाशिंदपर्यंत पोहोचला आणि शासनाशी बोलणी होऊन थांबला, त्यातही हीच माणसे होती. पायांना फोड आलेल्या माणसांना विश्रांती कशात मिळते, याचा अभ्यास ध्यानसंगीताच्या कंपन्यांनी केलेला दिसत नाही.

कार्यकर्त्यांनी कोणाच्या कानातून हेडफोन काढून घेण्याची गरज नाही. करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. याच तालुक्यातील वाघाड धरणाच्या पाण्यावर लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी १९९० नंतर पाणीवापर संस्था उभारल्या आणि कालव्याच्या पाण्याचे वाटप स्वतःच्या हाती घेतले. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रामार्फत बापूसाहेब उपाध्ये यांनी त्यासाठी गावोगाव बैठका घेतल्या होत्या. ती माणसे, तो अनुभव, ते हिशोबाचे शहाणपण अजून तालुक्यात आहे. मंगळवेढ्याचा भोपळा पिकविणारा आणि मिरजेचा जवारी काढणारा हे एका सहकारी उत्पादक संस्थेत येऊ शकतील का, मुद्रित केलेल्या स्वरामागे कारागिरालाही काही वाटा मागता येईल का, हे प्रश्न त्या अनुभवाच्या उजेडात मिरजेच्या साथींनी तपासावेत. आणि दिंडोरीतील एखाद्या गावच्या भजनी मंडळाने यंदाच्या सप्ताहासाठी नवी वीणा घ्यावयाचे ठरविले, तर नाशिकच्या दुकानातून न आणता मंडळाचे दोघे-तिघे थेट मिरजेस जावेत, ज्याच्या हातची ती आहे त्याला सप्ताहाच्या काल्याच्या पंगतीचे आमंत्रण देऊन यावे, आणि तो आला तर वीणेची जवारी गावातील पोरांसमोर एकदा त्याच्याकडून लावून घ्यावी.